सार्वमतात पक्ष प्रचाराचा मुद्दा कसा निवडतात? गोव्याचा १९६७ चा कौल आणि आपला सीमाभाग

शहापूरकर

काळा दिन (१ नोव्हेंबर, बेळगावसह मराठी सीमाभाग कर्नाटकात गेला म्हणून आपण पाळतो तो) जवळ आला की चर्चा फिरून एकाच वाक्यावर येते: "एकदा सार्वमत घ्या, होऊन जाऊ दे निकाल." भावना माझीही तीच आहे. पण सार्वमत झालंच तर प्रचारात आपण लोकांना काय सांगणार, यावर कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. म्हणून हा धागा.

निवडणुकीत पक्षाचं काम त्यामानाने सोपं. उमेदवार असतो, त्याचं गाव, जात, पाहुणे असतात, चिन्ह ओळखीचं असतं. सार्वमतात यातलं काही नसतं. कागदावर एक प्रश्न आणि दोन उत्तरं. आजवर एकाच पक्षाला मत दिलेली माणसं दोन्हीकडे विखुरतात. त्यामुळे पक्षाला सगळ्यात आधी हे ठरवावं लागतं की हा प्रश्न लोकांनी कशाबद्दलचा समजावा. भाषेचा, पोटापाण्याचा, अब्रूचा, की सत्ता कुणाच्या हातात राहणार याचा? हे ज्याने आधी रुजवलं त्याने निम्मी लढाई मारली.

घाटाखालचंच घ्या. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष १९६३ मध्ये विलीनीकरणाचा मुद्दा घेऊनच सत्तेवर आला होता आणि त्याचे नेते भाऊसाहेब बांदोडकर बहुजन समाजाच्या गळ्यातले ताईत होते. तरी पानांना १,७२,१९१ मतं पडली आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी बांदोडकरांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं.

बांदोडकर हवेत पण विलीनीकरण नको, असा मतदार गोव्यात होता. त्याला समोरच्या बाजूने ओळखलं, आपल्या बाजूला तो दिसलाच नाही. माझ्या मते सीमाभागात आपली अडचण नेमकी हीच आहे. आपला सगळा प्रचार आपल्याच माणसांसाठी असतो. कुंपणावर बसलेल्यासाठी आपल्याकडे एक वाक्य तयार नाही.

चोर्लाघाट

मी कणकुंबीकडचा, नोकरी गोव्यात. त्या वेळच्या आठवणी सांगणारे म्हातारे अजून भेटतात, त्यामुळे या विषयावर पुष्कळ ऐकलंय.

विलीनीकरणाच्या विरोधात असलेल्या डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने आणि त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या हिंदू कार्यकर्त्यांनी एक गोष्ट फार जपली. मराठीच्या विरोधात बोलायचं नाही. मराठीवर टीका केली असती तर पेडणे, डिचोली, सत्तरीतला एकही माणूस हलला नसता. मग त्यांनी एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारला. माडावर चढणाऱ्या रेंदेराला विचारलं, महाराष्ट्रात दारूबंदी आहे, तुझ्या सुरेचं काय होणार? शिकलेल्या पोराला विचारलं, मुंबई-पुण्याच्या उमेदवारांपुढे तुला सरकारी नोकरी लागेल का? गावच्या पुढाऱ्याला सांगितलं, आज तुझा मुख्यमंत्री पणजीत बसतो, उद्या तिथे कलेक्टर बसेल आणि गोवा भल्यामोठ्या राज्याच्या कोपऱ्यातला एक जिल्हा होईल. आणि सगळ्यांना मिळून एक: एकदा गेलं की परत येणार नाही. वेगळे राहिलात तर विलीन व्हायचा रस्ता पुढेही मोकळाच आहे.

हे शेवटचं मला सगळ्यात भारी वाटतं. ज्याचं मन ठरलेलं नाही त्याला थांबण्याची सोय करून दिली.

दुसरं म्हणजे हा प्रचार मराठीतून झाला. 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या विरोधात उभं होतं, उदय भेंब्रे त्यात सदर लिहायचे आणि हिंदू घरांत ते वाचलं जायचं. सिक्वेरांनी सभेत जे सांगितलं असतं तर त्या घरांनी कान बंद केले असते, ते त्यांनी आपल्याच भाषेतल्या पेपरात वाचलं. उल्हास बुयांवांसारखे गायक गावोगाव फिरले ते वेगळंच.

काँग्रेसची गंमत बघा. पक्ष एक, पण महाराष्ट्रातली काँग्रेस विलीनीकरणाच्या बाजूने, म्हैसूरची (म्हणजे आजच्या कर्नाटकातली) विरोधात, आणि गोव्यात पुरुषोत्तम काकोडकर कौल घेण्यासाठी दिल्लीत खटपट करत होते. सार्वमतात पक्षाची शिस्त किती पातळ होते ते यावरून कळतं.

मगोकडे काय होतं? भाषा, संस्कृती आणि भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जाचातून सुटका. मुद्दे खरे होते. पण बांदोडकरांच्या सरकारने गावागावात मराठी शाळा काढल्या होत्या. ज्याच्या दारात शाळा आली, त्याला ती मुंबईच्या राज्याशिवायच मिळाली होती. मगोच्या कामानेच मगोचा मुद्दा थोडा हलका केला, असं माझं मत.

हुतात्मा_चौक

शहापूरकर, तुमचा अभ्यास आहे, पण मला हा सूर खटकला. मुद्दा "निवडायचा" म्हणजे काय? दुकानात जाऊन कापड निवडावं तसा? १७ जानेवारी १९५६ ला माणसं गोळ्या खाऊन पडली. १ जून १९८६ ला कन्नडसक्तीच्या आंदोलनात हिंडलग्याला पडली. त्यांनी गिऱ्हाईक बघून घोषणा दिली नव्हती.

"बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" हे एक वाक्य घेऊन आम्ही लहानपणापासून चाललो. सत्तावनच्या निवडणुकीपासून महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार याच एका वाक्यावर निवडून यायचा. तोच आमचा कौल होता. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने तो बघितला नाही. बेळगाव तिकडेच ठेवलं आणि खानापूर, निपाणी, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हणून १९६७ मध्ये लिहिलं, तेही कुठे दिलं? आमची मागणी पाटसकर तत्त्वाची आहे: गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा. न्यायाची गोष्ट आहे ही, प्रचाराची नव्हे.

शहापूरकर

काका, हुतात्म्यांबद्दल माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण चार कलमांतलं शेवटचं कलम लोकेच्छा आहे आणि ती मोजायची वेळ आली की मतं मोजली जातात. २०१८ ला समितीचा एकही आमदार नाही, २०२३ ला नाही. २०२१ ला महानगरपालिकेत भाजपने चिन्हावर लढून बहुमत घेतलं. ज्यांनी ती मतं दिली त्यातली कितीतरी घरं आजही काळ्या दिनाला फेरीत येतात. गोव्याच्या मतदारासारखीच ही माणसं. एका कामासाठी एकाला मत, दुसऱ्या कामासाठी दुसऱ्याला. फेरीत आला म्हणजे कौलात आला असं आपण धरून चालतोय.

अ‍ॅड_खानापूर

कायद्याचं थोडं. आपल्या घटनेत सार्वमताची तरतूद नाही. गोव्यासाठी संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला होता. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ खाली संसदेचा, संबंधित विधानसभेचं मत फक्त मागवलं जातं. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तेव्हा ही चर्चा "समजा" अशीच आहे, पण करण्यासारखी आहे.

माझा मुद्दा असा की प्रचाराचं वाक्य ठरण्याआधी दोन गोष्टी ठरतात आणि पक्ष खरं तर त्यांवरच भांडतात. एक, प्रश्नाची शब्दरचना. स्कॉटलंडच्या सरकारला २०१४ मध्ये विचारायचं होतं, "स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा याला तुम्ही सहमत आहात का?" निवडणूक आयोगाने "सहमत आहात का" काढायला लावलं, कारण तशा प्रश्नाला माणूस हो म्हणायकडे झुकतो. क्युबेकमध्ये १९९५ ला प्रश्नातच कॅनडाबरोबरच्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा प्रस्ताव घातला होता. फुटायचं पण संबंध राहणार, असा दिलासा मतपत्रिकेवरच. "होय"च्या पोस्टरांवर तर फ्रेंच "OUI" मधल्या O च्या जागी कुठे डेझीचं फूल, कुठे शांततेचं चिन्ह, कुठे डॉलरचं नाणं. फुटून निघण्याची भीती त्या एका गोल अक्षरात बुजवायचा प्रयत्न होता. "नाही" ५०.५८ टक्क्यांनी जिंकलं, म्हणजे थोडक्यात निभावलं.

दुसरी गोष्ट घटक, आणि आपल्याकडे सगळं इथेच अडतं. गाव घटक धरला तर येळ्ळूर, कडोली, उचगावला वेगळा प्रचार लागतच नाही. तालुका धरला तर खानापुरात कन्नड गावांकडेही जावं लागेल. जिल्हा धरला तर गोकाक, अथणी, सौंदत्ती, बैलहोंगल सगळे मत देणार, मग येळ्ळूरची घोषणा तिथे उलट काम करेल. घटक बदलला की कुंपणावरचा माणूस बदलतो, आणि माणूस बदलला की वाक्य बदलतं. हुतात्मा चौकवाले काका गाव घटकावर अडून आहेत त्याला न्यायाचा आधार आहेच, पण प्रचाराच्या हिशोबानेही ते आपल्या फायद्याचं आहे.

निपाणीची_सुमन

सगळे पुरुषच बोलताय म्हणून लिहिते.

आमच्या गल्लीत कौल झाला तर मुद्दा काय निघेल सांगू? बस. कर्नाटकच्या बसला राज्याच्या हद्दीत बाईने आधार कार्ड दाखवलं की शून्य रुपयाचं तिकीट हातात येतं. २०२३ च्या जूनपासून. एसटीला अर्धं तिकीट. गृहलक्ष्मीचे महिन्याला २,०००, लाडक्या बहिणीचे जाहीर झाले ते १,५००. दवाखान्याला आम्ही कोल्हापूरला जातो, आणि तिकडे जाणाऱ्या कर्नाटकच्या गाडीत बसलं की हद्द ओलांडायची म्हणून पुरते पैसे. बिडीच्या कारखान्यात वळणाऱ्या बाईला हे सगळं तोंडपाठ आहे. महाजन तिला ठाऊक नाही.

ह्यात तिचं मराठीपण कमी झालं असं कुणी म्हणू नका. तिची पोरगी मराठी शाळेत आहे, घरात वारी आहे, गौरी-गणपती आहेत. पण उद्या समोरचा पक्ष गल्लीत येऊन फक्त एवढंच विचारेल, "अक्का, तिकडं गेल्यावर तिकीट काढावं लागंल, चालंल का?" त्याला भाषेचं नावसुद्धा घ्यावं लागणार नाही. आपण त्यावर काय उत्तर देणार? जतची गोष्ट आठवा. २०२२ मध्ये तिथल्या चाळीस गावांवर कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी दावा सांगितला तो कन्नडवरून कमी आणि पाण्यावरून जास्त. लोक बोलत होते तेही पाण्याबद्दलच.

कडोलीकर

दोन हजारांत आईला विकायचं काय? अक्का, राग मानू नका, पण असा प्रचार झाला तर आम्ही त्याच गल्लीत उभं राहून सांगू की तुमच्या पोराला उतारा मराठीत मिळत नाही, नोटीस मराठीत येत नाही, येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक २०१४ ला पाडला तेव्हा लोकांना कसं मारलं. राग यायला पायजे माणसाला. रागाशिवाय कोण मताला जातंय गा?

शहापूरकर

राग चालतो, हे खरं आहे. २०१६ मध्ये कोलंबियात शांतता कराराचं सार्वमत झालं. पन्नास वर्षांचं यादवी युद्ध थांबवणारा करार, आणि तो अर्ध्या टक्क्याच्याही आत पडला. नकाराच्या प्रचाराचा प्रमुख निकालानंतर मुलाखतीत उघड बोलून गेला: लोकांनी चिडून मतदानाला जावं हेच आम्हाला हवं होतं. करार समजावून सांगणं त्यांनी सोडूनच दिलं. सुखवस्तू लोकांना सांगितलं गुन्हेगार मोकळे सुटणार आणि कर वाढणार, गरिबांना सांगितलं बंडखोरांना पैसे देण्यासाठी तुमचं अनुदान जाणार, किनाऱ्याकडे सांगितलं आपला व्हेनेझुएला होणार. जागा बदलली की भीती बदलायची. गोव्यातही वाक्यं माणसागणिक बदलली होती, पण रेंदेराची काळजी खरी होती. इथे मात्र भीती घडवून वाटली.

ब्रिटनमध्ये त्याच वर्षी युरोपातून बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी लाल बसवर लिहिलं, आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आरोग्यसेवेला देऊया. आकडा चुकीचा होता, सवलत वजा केली की तो बराच खाली येतो, तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणानेही दिशाभूल करणारा म्हटलं. पण विरोधक खोडून काढायला उठले की प्रत्येक चर्चेत तोच आकडा पुन्हा ऐकू यायचा आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात एवढंच राहायचं की पैसा बाहेर जातोय. ५१.८९ टक्क्यांनी ते जिंकले. ही युक्ती चालते म्हणून आपण वापरावी असं मी कधीच म्हणणार नाही. आपली बाजू खरी आहे, ती खोट्या आकड्यावर उभी केली तर कोर्टात आणि शेजारात दोन्हीकडे पत जाईल.

कडोलीकर, रागाला उत्तर म्हणून चिली बघा. १९८८ मध्ये तिथल्या लष्करी हुकूमशहाला, पिनोशेला, आणखी आठ वर्षं द्यायची का, यावर मतदान होतं. विरोधी पक्षांना सत्तावीस रात्री टीव्हीवर पंधरा-पंधरा मिनिटं मिळाली, तीही उशिरा. इतकी वर्षं तोंड दाबलेलं, बेपत्ता माणसांची यादी हातात, पहिल्याच रात्री तेच दाखवावं असं किती जणांना वाटलं असेल! पण कुंपणावरचा माणूस घाबरलेला होता. छळाची चित्रं दाखवली असती तर त्याने टीव्ही बंद केला असता. म्हणून त्यांनी इंद्रधनुष्य घेतलं, हसणारी माणसं घेतली, आनंद येतोय असं सांगितलं. दुःख लपवलं नाही मात्र. ज्यांचे नवरे, मुलं बेपत्ता होती त्या बायकांनी पडद्यावर जोडीने करायचा नाच एकटीने केला. एकही शिवी नाही, आणि बघणाऱ्याला सगळं कळलं. जवळजवळ ५६ टक्के लोकांनी नकार दिला.

हुतात्म्यांची गोष्ट सांगायची असेल तर अशी सांगा, काका.

सदाशिवनगरचा_शिवानंद

नमस्कार. मी कन्नड घरातला, मराठी शेजाऱ्यांत वाढलो, हा मंच नेहमी वाचतो. लिहिताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

तुम्ही कुंपणावरचा माणूस म्हणताय, तो मी आहे असं नाही. माझं मत ठरलेलं आहे, मी कर्नाटकातच राहणार म्हणणार. पण माझ्यासारखी शेकडो घरं अशी आहेत ज्यांना या भांडणाचा कंटाळा आलाय आणि जी विचारली तर विचार करतील. त्यांना एकदासुद्धा तुमच्याकडून कुणी येऊन सांगितलं नाही की समजा गाव तिकडे गेलं तर आमच्या पोरांची कन्नड शाळा चालू राहील का, उतारा कन्नडमध्ये मिळेल का, वयस्कर माणसाला तहसीलदार कचेरीत स्वतःच्या भाषेत अर्ज देता येईल का. आम्ही बघतो ना, मराठी माणसाला इथे कागदासाठी किती फिरवतात. ते बघूनच भीती वाटते. उद्या आमचं तेच झालं तर?

ह्या भीतीला तुमच्याकडे उत्तर असेल, पण मी ते कधी ऐकलं नाही. आमच्याकडचे पक्ष मात्र ही भीती रोज वापरतात.

अ‍ॅड_खानापूर

शिवानंद अण्णा, तुम्ही मुळावर बोट ठेवलंत. जिथे एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे सरकारी नोटिसा, नियम त्या भाषेतही द्यायचे, हे भाषिक अल्पसंख्याकांचं संरक्षण देशभर मान्य आहे. आम्ही मराठी परिपत्रकांसाठी इतकी वर्षं भांडतोय ते याच आधारावर. मग सार्वमताच्या प्रचारात पहिलं आश्वासन हेच पाहिजे: जे आम्ही आमच्यासाठी मागतो तेवढंच तुम्हाला पहिल्या दिवसापासून, लेखी.

हुतात्मा_चौक

लेखी पाहिजे खरं. पण देणार कोण? मुंबईच्या मंत्र्यांनी दिलेलं आमच्याच लोकांना पटत नाही आता, शिवानंद अण्णांना कुठून पटणार? गोव्यातही विलीनीकरणवाल्यांनी पुढे सवलतींची वचनं दिली, लोकांनी ठेवली का भरवशाला? वचन द्यायचं तर ते इथल्याच माणसाने द्यावं, ज्याचं घर शिवानंद अण्णांच्या घराला लागून आहे. आणि भाषेचा मुद्दा खाली ठेवून बसचा वर आणायला मी तयार नाही, सुमनताई. बसच्या मुद्द्यावर आपण कायम हरणार. आज त्यांनी २,००० दिले, उद्या यांनी २,५०० दिले, परवा त्यांनी ३,०००.

निपाणीची_सुमन

काका, बसचा मुद्दा वर आणा असं मी म्हटलंच नाही. तो समोरून येणार आहे, तेव्हा गप्प बसायला नको. आमच्या गल्लीत मी असं सांगेन: तिकिटाची सवलत सरकार देतं आणि सरकार काढतं, पण ज्या कचेरीत तुझा अर्ज तुझ्या भाषेत घेत नाहीत तिथे हक्काची सवलत मागायलासुद्धा तुला दुसऱ्याला बरोबर न्यावं लागतं. परवाच बघितलं मी. रेशन कार्डावर सुनेचं नाव घालायला गेलेली बाई, फॉर्म सगळा कन्नड, खिडकीबाहेर एकजण पन्नास रुपये घेऊन भरून देतोय. बसचं तिकीट वाचलं ते तिथे गेलं. हे तिला पटतं, कारण ते तिच्या पिशवीतलं आहे.

आणि शिवानंद अण्णा, तुमच्यासाठीचं पत्रक कन्नडमध्येच निघायला हवं. अर्ज, उतारा, शाळा, तीनच गोष्टी, एका पानावर. मला कन्नड वाचता येतं, लिहिताना अडखळते. मी मराठीत मजकूर करून या रविवारी इथेच टाकते. तुम्ही कन्नड करून द्याल का? मत तुमचं तुमच्यापाशी राहू दे.

सदाशिवनगरचा_शिवानंद

करून देतो अक्का. फक्त "शाळा" म्हणताना प्राथमिकपुरतं लिहू नका, दहावीपर्यंतचं लिहा. आमच्या घरात पहिला प्रश्न तोच येतो.